गोळा अजून बाहेर आहे

मी रेल्वेचा गोळा बोलतोय. तोफेचा नव्हे. हे आधीच सांगून टाकतो, कारण शिकलीसवरलेली माणसं नेमकी इथंच घसरतात.

मी पोलादाचा, तळहातावर मावेन एवढा, आणि अंगावर दोन स्टेशनांची अक्षरं कोरलेला. कुठल्या कारखान्यात घडलो ते मला ठाऊक नाही. ज्यांना आपलं कुळमूळ ठाऊक असतं, त्यांनी तरी कोणते दिवे लावलेत?

शहराला औरंगाबाद म्हणत आणि इथून लहान लाईनची गाडी धावे, तेव्हाची गोष्ट. रूळ एकच. येणारी गाडी त्यावरूनच आणि जाणारीही त्यावरूनच. समोरासमोर आल्या तर? म्हणून प्रत्येक स्टेशनात एक यंत्र असे आणि त्याच्या पोटात आम्ही गोळे. दोन्हीकडच्या मास्तरांनी घंटा वाजवून कबुली दिली की यंत्र एक गोळा सोडायचं. तो कातडी पिशवीत घालून, पिशवी वेताच्या कड्याला लावून ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. गोळा पुढच्या स्टेशनातल्या यंत्रात पडेपर्यंत दुसरा गोळा कुठूनच निघत नसे. म्हणजे गोळा बाहेर आहे तोवर समोरून गाडी येणं नाही.

इंजिन एवढं मोठं धूड, पण माझ्यावाचून पाऊल टाकायची त्याची टाप नव्हती. मास्तर टोपी घालून मिरवत, ड्रायव्हर मिशीला पीळ देत, पहिल्या वर्गातले साहेब घड्याळ काढून खेकसत. अरे, खेकसता कुणावर? सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसलेले असत.

मला गाडीत पोचवणारा मल्हारी हा मूळचा मेंढपाळ. बहात्तरच्या दुष्काळात बिडकीनकडच्या माळावर त्याची मेंढरं चाऱ्यावाचून गेली आणि तो रुळालगतच्या मुकुंदवाडीला येऊन रेल्वेत लागला. धावत्या गाडीला कडं द्यायचा आणि गाडी गेली की हात जोडायचा. मेंढरं गेली तरी देव शोधायची खोड गेली नव्हती.

पुढं लहान लाईन उखडून मोठी टाकली. आमची यंत्रं भंगारात निघाली. साहेब लोक नव्या गाडीला हार घालण्यात दंग होते. जुन्याकडं बघतो कोण? मल्हारीनं मला ढिगातून उचललं, घरी आणलं आणि बायकोला, सारजाबाईला म्हणाला, "जपून ठिव. ह्यो बाहेर हाय तवर समोरून दुसरी गाडी यायची नाय."

मल्हारी वारला. सारजाबाईनं मला शेंदूर फासून खंडोबाच्या टाकाशेजारी बसवलं. ज्याच्यासाठी मेल गाडी ताटकळायची त्याच्यापुढं रोज गुळाचा खडा, आणि अंगाखांद्यावर मुंग्या! कुठं बोलायची सोय राहिली नाही.

दरम्यान शहर वाढलं. मल्हारीची मेंढरं चरायची त्या माळावर कारखान्यांसाठी रुंद रस्ते झाले. रुळापासून हाकेवर इमारती उठल्या. रस्ते पोचले, दिवे पोचले, शहराचं नावही बदललं. पाणी तेवढं वाटेत कुठं थांबलं कुणास ठाऊक! पाऊस दगा देतो त्या वर्षी वस्तीतल्या बायका कॅन घेऊन गाडीत चढतात, मोठ्या स्टेशनावर पाणी भरतात आणि परतीच्या गाडीनं येतात. सारजाबाईची सून अक्षदाही जाते. ती निघाली की सारजाबाई माझ्यावर हात ठेवून पुटपुटते, "गोळा बाहेर हाय. समोरून काय यायचं नाय."

वेडी बाई! आताच्या लाईनीला मी कोण, कुठला, हेही माहीत नाही.

अशाच दुष्काळातल्या एका रविवारी रेल्वेचा इतिहास हुडकणारी मंडळी मल्हारीचं घर विचारत दारात आली. दर महिन्याला गारखेड्यात यांची व्याख्यानं होतात, आणि व्याख्यान पचेना झालं की सहल निघते. डोक्यावर टोप्या, हातात बाटलीबंद पाणी. म्होरक्या देवेश. त्यानं मला देवघरातून उचललं, हातावर तोललं आणि जाहीर केलं, "दौलताबादच्या तोफेचा गोळा! रेल्वेनं दगड भरून आणले, त्यात आला असणार."

सगळ्यांनी माना डोलावल्या. उंटावरचे शहाणे! एकानं तर फोटो चांगला यावा म्हणून बाटलीतलं पाणी माझ्यावर ओतलं. सारजाबाई धावली आणि तिनं माझ्याखाली पातेलं धरलं.

"सांडू नगा, बाबा! तुळशीला व्हईल."

शेंदूर धुतला गेला आणि अक्षरं उघडी पडली. मंडळींत कालिंदीताई होत्या. त्यांचे आजोबा या लाईनीवर मास्तर होते. त्या वाकून म्हणाल्या, "अरे देवेश, हा टोकनचा गोळा आहे! गाडी सोडायचा!"

"मी तेच म्हणतोय मघापासून," देवेश म्हणाला. कोडगेपणाला औषध नाही.

मग त्यानं सारजाबाईपुढं हात जोडले. "आजी, हा आम्हाला द्या. प्रदर्शनात काचेच्या कपाटात ठेवू. खाली मल्हारीबाबांचं नाव लिहू."

खरं सांगतो, मी हरखलो. काचेचं कपाट! मुंग्या नाहीत, गूळ नाही. शेवटी माझी किंमत कुणाला तरी कळली.

"न्या की," सारजाबाई म्हणाली. "पण आत्ता नाय. आमची सून गाडीत हाय. तिला परत येऊ द्या."

"आजी, आता सगळं कॉम्प्युटरवर चालतं. हा गोळा काही करत नाही."

"करत नाय कसं? ह्यो घरात हाय तवापास्नं हितं गाड्या धडकल्या का कधी?"

सगळी मंडळी ओट्यावर बसून राहिली. अखेर गाडी आली आणि अक्षदा डोक्यावर कॅन, कडेवर कॅन अशी दारात उभी राहिली. पदर ओलाचिंब झाला होता. देवेशनं लगेच हात पुढं केला. सारजाबाई मला त्याच्या हातावर ठेवणार, तोच थबकली.

"अक्षदे, उद्या जायचंय का गं?"

"असं काय इचारता, आत्याबाई? उद्या पाणी लागणार नाय व्हय?"

सारजाबाईनं मूठ आवळली. "मग नाय देता येत, बाबा. लई वाईट वाटतंय, पण नाय."

कालिंदीताईंनी देवेशचा हात खाली केला. मंडळी गेली.

मी संतापलो होतो. हातातोंडाशी आलेलं कपाट गेलं, आणि तेही कशापायी, तर एका अडाणी समजुतीपायी! तिनं पुन्हा शेंदूर कालवला. माझ्यावर बोट फिरवून तिनं मला परत टाकाशेजारी बसवलं. आयुष्यभर मी किती हातांतून गेलो. त्या सगळ्यांनी मला गाडी सुटावी म्हणून धरलं होतं. माणूस परत यावं म्हणून धरणारी ही एकटीच.

तर इतिहासवाल्यांनो, टोप्या सावरा आणि ऐका. मला न्यायचं असेल तर आधी या दारातल्या नळाला पाणी आणा. अक्षदा ज्या दिवशी गाडीत चढणार नाही, त्या दिवशी या, मी स्वतः घरंगळत येईन. तोवर गोळा बाहेर आहे, आणि लाईन सारजाबाईच्या ताब्यात आहे.