सांध्यातली हिरवी पट्टी

हे कंपनीत शिफ्टला गेले आणि इकडे पिंपरीच्या आमच्या क्वार्टरमध्ये नळाचा सांधा सुटला. घरभर पाणी! शेजारच्या खातूनबीनं आपल्या भावाला, वजीर फिटरला, धावत आणलं. त्यानं पाच रुपये सांगितले तेव्हाच मी ओळखलं, दोघांचं संगनमत. महिन्यापूर्वी माझं जुनं हिरवं लुगडंही दोरीवरून हिनंच लांबवलं, असं मी साऱ्या चाळीला सांगितलं होतं.

"एवढ्याशा कामाला पाच?" मी खेकसले.

"घाईचं काम हाय, बाई. त्यात आधीच्या अडाण्यानं सुतळीऐवजी चिंध्या गुंडाळल्यात."

त्यानं सांध्यातून हिरवी पट्टी ओढून काढली. तो सांधा गेल्या महिन्यात ह्यांनीच बसवला होता.

खातूनबी पट्टीकडे बघत म्हणाली, "वजीर, चारच घे. बाईंचं लुगडंही गेलंय."