घडी मोडायच्या आधी

धम्मशीलाच्या कपाटात एकोणचाळीस साड्या होत्या, आणि त्यातली एकही तिची नव्हती.

नेसायची तीच. धुवायची तीच. पण एकीलाही तिनं दुकानात बोट लावून "ही" म्हटलं नव्हतं. ही नणंदेच्या लग्नातली, ही दिराच्या वास्तूची, ही भावानं दिवाळीला पाठवलेली, ही कुणाच्या तरी आहेरातून फिरत फिरत आलेली. अंगणवाडीत सेविका होती, तर कामावरची साडीही सरकारनं दिलेली. चौदा एप्रिलची पांढरी तेवढी तिला जिवाभावाची वाटे. पण पांढरी सगळ्या जणींची. त्या दिवशी वडनेर भोलजीची सारी बौद्ध आळी पांढरी होते, आणि त्या पांढऱ्यात आपण एकटं उठून दिसावं असं मनातसुद्धा येत नाही.

तिची माय कापूस वेचताना म्हणायची:

*भावानं आनलं लुगडं, रंग त्याच्या पसंतीचा,*
*नेसनारीले ना पुसलं, पदर डोईवर रितीचा.*

माय हसत म्हणायची. धम्मशीलाही हसायची. अठ्ठेचाळीस वर्षांची होईतो तिला त्यात रडण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

शेजारची सुगराबी ब्लाऊज शिवायची. अर्ध्या गल्लीची मापं तिला तोंडपाठ. एकदा दंडाला टेप लावता लावता ती थांबली.

"बाई, वीस साल झाले. हर बार म्हणता, मागच्यासारखंच शिव. मागचं तुमाले आवडते तरी का?"

"आवडायचं काय त्याच्यात? अंगाले झालं म्हणजे झालं."

"घ्या! म्हणजे सासूच्या पसंतीची बाही आजपर्यंत शिवून राह्यली मी. बुढी गेली, बाही नाही गेली!"

दोघी हसल्या. घरी आल्यावर मात्र धम्मशीलाचं हसू कुठंतरी अडकलं. आपल्याला काय आवडतं? कपाट उघडून ती बराच वेळ उभी राहिली. उत्तर कपाटात नव्हतं.

मग ती बघू लागली. सून पूनम मोबाईलवर साड्या दाखवायची, आज ही चालते, उद्या ती. बघताना छान वाटायच्या, पण स्क्रीनवरून बोट सरकलं की मनातूनही सरकायच्या. धम्मशीला दुसरीकडंच बघत होती. कोणत्या कापडात आपण पदर सावरायचं विसरतो, कोणत्या बाहीत हात वर करताना लाज वाटत नाही, हे ती स्वतःलाच चोरून बघत होती. चकाकणारं काही नको, हे तिला आधी कळलं. बाही कोपरापर्यंत हवी, बटणं पुढून हवीत, आणि चष्मा ठेवायला खिसा हवा, हे हळूहळू कळलं. रंग मात्र सापडत नव्हता. तो पौषात सापडला. अंगणवाडीच्या मागं तूर उभी होती. हिरव्या शेंगेवर जांभळट तपकिरी ओघळ असतो ना, तो. तिनं शेंग तोडून हातावर धरली, आणि एखादं हरवलेलं माणूस बाजारात अचानक समोर यावं तसं तिला झालं.

त्या रंगासाठी ती शेगावला तीनदा गेली. दुकानदार वैतागले. "बाई, तपकिरी घ्या नाहीतर जांभळी घ्या. मधलं काय असते?" तिसऱ्या खेपेला एका म्हाताऱ्या दुकानदारानं गठ्ठ्याच्या तळातून एक सुती साडी ओढली. तोच रंग. काठ बोटभर, हिरवा. "दोन वर्षं पडून आहे," तो म्हणाला, "कोणी घेत नाही."

सुगराबीनं वेगळ्या हिरव्या कापडाचं ब्लाऊज शिवलं, खिसा ठेवून. "कंडक्टर होता का आता? शिट्टी देऊ?" असं म्हणाली, पण टाके इतके बारीक घातले की शिवण दिसू नये. मग म्हणाली, "साडी द्या, फॉल लावून देते."

"पुढच्या हप्त्यात देते वो. चार दिस घरी राहू दे. पाहू तर दे मले."

त्या चार दिवसांत ती रोज कागद उलगडून साडी बघायची आणि पुन्हा गुंडाळून ठेवायची. धाकट्या बहिणीच्या, संजीवनीच्या मुलीचं, प्रेरणाचं लग्न तीन आठवड्यांवर होतं. तिथंच घडी मोडायची, असं ठरलेलं. पूनमनं घरातल्या सगळ्या बायकांसाठी एकसारख्या वाईन रंगाच्या साड्या मागवल्या होत्या.

"मम्मी, सगळ्या एका रंगात असल्या तर फोटो किती भारी येते! तुमी एकट्याच वेगळ्या दिसान."

"दिसू दे," धम्मशीला म्हणाली. आपल्याच आवाजाचं तिला नवल वाटलं.

पाचव्या दिवशी ती तालुक्याला, नांदुऱ्याला मीटिंगला गेली होती. दुपारी नवऱ्याचा फोन आला.

"देऊळघाटची जनका आत्या गेली वं," प्रेमानंद म्हणाला. "मी निघालो, गाडी भेटली. तू तिकूनच ये."

"कापड घेतलं का?" मयताच्या अंगावर घालायला प्रत्येक घरून एक साडी जाते, म्हणून तिनं विचारलं.

"घेतलं ना. कपाटात होती एक, कागदातली. घडी न मोडलेली, फॉल बी नाही लावेल. म्हटलं देण्याघेण्याचीच असन."

धम्मशीलानं फोन ठेवला. त्याची तरी काय चूक? घरातल्या नव्या साडीला मालकीण नसते. नेसली की ती कुणाची तरी होते. नुसता फॉल लावला असता, तरी त्यानं हात लावला नसता. तिनं चार दिवस बघत बसायला घेतले, आणि त्या चार दिवसांत साडी सगळ्यांची झाली.

बस राजूर घाटात एका ट्रकमागं रांगत होती. ती मनातल्या मनात गाडीला ढकलत होती. बुलढाण्याला उतरून तिनं आधी दुकान गाठलं आणि आपल्या साडीहून भारी, जरीकाठाची साडी घेतली. आत्याला कमी पडू द्यायचं नव्हतं. फक्त अदलाबदल. अंगावर पडायच्या आधी पोचलं की झालं.

ती पोचली तेव्हा आत्या अंगणात चटईवर होती. अंगावर चार-पाच साड्या, आणि सगळ्यांत वर तुरीच्या शेंगेचा रंग. उन्हात तो शेंगेवर दिसला होता तसाच दिसत होता. आत्याचं सुरकुतलेलं पाऊल हिरव्या काठाखालून बाहेर डोकावत होतं.

तिनं हात जोडले. आत्याच्या सुनेजवळ जाऊन हळूच म्हणाली, "वैनी, ही चुकून आली. माही दुसरी आहे, चांगली आहे." तिनं जरीची साडी उलगडून आत्याच्या अंगावर नीट पसरली. आणि मग खालून आपली साडी ओढून घेतली.

रडणं थांबलं. इतकं एकदम थांबलं की पलीकडं चुलीवर पाणी उकळताना ऐकू आलं.

"व माय!" भिंतीकडून एक बाई म्हणाली. "मढ्याच्या अंगावरून?"

"नव्या साडीसाठी जीव गेला वाटते हिचा."

"वो, दुसरी टाकली ना तिनं, भारीची," आत्याची सून म्हणाली. पण तिनंही धम्मशीलाकडं बघितलं नाही.

साडी पिशवीत घातली होती. पिशवी ठेवायला धम्मशीलाला जागा सापडेना. जिथं टेकवावी तिथली बाई सरकून बसायची.

परत येताना बसमध्ये प्रेमानंद खिडकीकडं तोंड करून बसला होता. विहारात तो पोरांना दर रविवारी सांगायचा, विटाळ-चांडाळ, भूतबाधा सगळं झूट आहे. घाट उतरल्यावर तो म्हणाला, "मले काही वाटत नाही. तुले माहीत आहे. पण लोकायले काय सांगू मी?"

"रविवारी सांगता तेच सांगा."

त्यानं पुन्हा खिडकीकडं तोंड फिरवलं. नांदुरा येईपर्यंत ते तिकडंच होतं.

तिनं साडी तीनदा धुतली. सुगराबीनं फॉल लावून दिला, इस्त्री करून दिली. "कपडा कपडाच असते, बाई," ती म्हणाली. पण इस्त्री तिनं ओट्यावर बाहेर केली, घरात नाही. धम्मशीलानं ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी ती नेसली. निऱ्या एका दमात बसल्या. कोपरापर्यंतची बाही, पुढची बटणं, खिशात चष्मा. आरशात जी बाई होती ती कुणी दिलेली नव्हती, कुणी ठरवलेली नव्हती. धम्मशीलानं तिच्याकडं पाहून मान हलवली, जशी ओळखीच्या माणसाला रस्त्यात हलवतो.

ती बाहेर आली. चार वर्षांची नात धावत येऊन निऱ्यांना बिलगणार, तोच पूनमनं हाक मारली, "इकडं ये वं, केस विंचरायचे आहेत."

पोरीच्या दोन वेण्या घालून झाल्या होत्या. रिबिनीसुद्धा बांधलेल्या होत्या.

प्रेमानंद पांढऱ्या शर्टात उभा होता. त्यानं बायकोकडं पाहिलं आणि दारातल्या टेम्पोचं चाक तपासायला गेला.

मग फोन वाजला. संजीवनी.

"ताई, तू ते साडी नेसून येऊन राह्यली म्हणते?"

"कोण म्हणते?"

"कोणी का म्हणेना. ताई, मी नाही मानत. पन प्रेरणाची सासू देऊळघाटचीच ना वं. त्या दिवशी तिथं बसेल होती ते."

"तीनदा धुतली मी, संजू."

"हाव वं, धुतली असशीन. पन पोरीले उद्या काही झालं, साधा ताप आला, तरी ते तुह्यं नाव घेईन. जनमभर घेईन." संजीवनी रडायला लागली. "आजचा दिस नको घालू. मंग रोज घाल. पाया पडते तुह्या."

पलंगावर पूनमनं वाईन रंगाची साडी काढून ठेवलेली होती, सोबत लवचिक कापडाचं तयार ब्लाऊज. पाच मिनिटांचं काम होतं. धम्मशीला त्या साडीसमोर उभी राहिली. हात उचलला. पण तो खांद्यावरच्या पिनेपर्यंत गेला नाही.

"संजूले सांगा, डोकं दुखते माह्यं," ती बाहेर येऊन म्हणाली. "मी नाही येत."

"असं काय करता, मम्मी?" पूनम म्हणाली. पण फार वेळा म्हणाली नाही.

टेम्पो गेला. सुगराबीलाही घेऊन गेला. अर्ध्या गल्लीचे ब्लाऊज तिनंच शिवले होते, तिच्याशिवाय तो हलला नसता. गल्ली एवढी रिकामी झाली की कोंबड्या मधोमध बसल्या.

धम्मशीला अंगणात खुर्चीवर बसली, साडी नेसून. आता कुणी बघत नव्हतं, कुणी सरकत नव्हतं. आता तरी तो आनंद यायला हवा होता. शेंग हातावर धरली तेव्हा आला होता, शेगावच्या दुकानात आला होता, रोज कागद उलगडताना आला होता. ती वाट पाहत बसली. तिकडं मंडपात वंदना सुरू झाली असेल. सगळ्या बहिणी-भावजया एका रंगात, एका ओळीत. प्रेरणा पांढऱ्या साडीत मान खाली घालून. मावशी कुठं आहे, असं तिनं एकदा तरी विचारलं असेल.

ऊन पायांवर आलं. तिनं खाली पाहिलं. हिरव्या काठाखालून तिचं पाऊल बाहेर आलं होतं, आणि एक क्षण ते तिला आपलं वाटलं नाही.

तिनं पाय झटकन मागं घेतला. पदर नाकाशी नेला. साबणाचा वास, इस्त्रीचा वास, दुसरा कसलाच नाही. तिला ठाऊक होतं. अंगणवाडीत दर महिन्याला आयांना ती स्वतः सांगत होती, बाळंतिणीला बाहेर बसवू नका, असलं काही नसतं. तरी काठाखाली पाय ठेवायची तिला हिंमत होईना. लोक देऊळघाटच्या अंगणात जे बोलले ते आता या कापडात, धाग्याधाग्यात जाऊन बसलं होतं, आणि तिथून ते तिच्या अंगाला लागलं होतं. लोकांशी तिला भांडता आलं असतं. स्वतःच्या पायाशी कसं भांडणार?

ती आत गेली. दार लावून तिनं साडी सोडली. पूनमचा एक जुना गाऊन दोरीवर वाळत होता, तो घातला. भांडी घासली. पाणी भरलं. दुपारी जेवली नाही.

संध्याकाळी टेम्पो आला. पूनम हातात बुंदीची पिशवी घेऊन उतरली. "मम्मी, सगळे विचारत होते तुमाले."

"काय विचारत होते?"

"असंच," पूनम म्हणाली, आणि झोपलेल्या पोरीला घेऊन आत गेली.

प्रेमानंद ओट्यावर टेकला. बूट काढले. दारातून आत बाजेवर पडलेला साडीचा बोळा त्याला दिसला असावा, कारण तो कितीतरी वेळ तिकडंच बघत होता. मग घसा खाकरून म्हणाला, "मंगळवारी बोहारीण येते. दे म्हणशीन तर देऊन टाकू तिले. डबा-गिबा येईन एखादा."

या वेळी त्यानं विचारलं होतं.

"द्या," धम्मशीला म्हणाली. "तुमी जेवून आले ना? मग मी चूल नाही पेटवत."