दिगंबरची धाप

पहाटेच्या अंधारात दिगंबर आधी ऐकू येई आणि मग दिसे. मलकपेठच्या रेसकोर्सच्या भिंतीपलीकडे घोडे सरावाला निघालेले असत, त्यांच्या टापांचा मऊ ठेका मातीतून वर येई, आणि अलीकडून त्याच्या बुटांचा आवाज डाव्या पायावर किंचित रेंगाळत माझ्याकडे सरके. मग तो दिव्याच्या पिवळ्या उजेडात शिरे: सडपातळ, कपाळ घामाने चमकणारं, चैत्रात खांद्यावर कडुनिंबाचा बारीक मोहोर पडलेला. घरापासून झपाझप चालत येतो म्हणून घामेजतो, असं मी धरून चाललो होतो.

आमची दोघांचीही घराणी नांदेडकडची, दोन पिढ्यांपूर्वी इथे आलेली. सव्वापाच ते सहा, एवढीच पंचेचाळीस मिनिटं आमची. त्यानंतर पाणी, डबे, ऑफिस. सहा वर्षं आम्ही खांद्याला खांदा लावून धावलो. थंडीत तोंडातून निघणारी वाफ एकमेकांत मिसळे, उन्हाळ्यात रात्रभर तापलेलीच राहिलेली भिंत दोघांनाही सारखीच भाजे. शेवटच्या वळणावर तो गुडघ्यांवर हात टेकून वाके, छाती भात्यासारखी हलवी आणि म्हणे, "आज मारलंस रे मला!" त्या एका वाक्यावर माझा सगळा दिवस ताठ मानेने जाई.

तिथेच आम्ही एकमेकांची नाडी मोजत असू. पंधरा सेकंद, गुणिले चार. माझी एकशे अठ्ठेचाळीस, त्याची शंभराच्या आत. मी विचारलं तर हसून म्हणे, "आमच्या घराण्याचं रक्तच संथ." जन्मभर आकड्याला माणसापेक्षा खरं मानणारा मी, तेवढ्या एका ठिकाणी मात्र माणसाला आकड्यापेक्षा खरं मानलं.

एकदा नळाचं पाणी चारलाच आलं. टाकी भरली, झोप मोडलेलीच होती, म्हणून मी पाऊण तास आधी निघालो. भिंतीपाशी एक माणूस माझ्यासमोरून वाऱ्यासारखा गेला. पायांत रेंगाळणं नाही, श्वासात ओढ नाही. अंधाराला कात्रीने कापावं तशी त्याची चाल. तो दिगंबर आहे हे ओळखायला मला दुसरी फेरी लागली.

कोपऱ्यावरचा चहावाला शटर वर ढकलत होता. तो हसला, "क्या साब, आज इत्ता जल्दी? उनो का असली दौड़ना देखने आए क्या? तुमारे संगात तो उनो खाली पसीना सुखाने आते!" म्हणजे माझ्याबरोबरचं धावणं हे दिगंबरचं नुसतं घाम वाळवणं होतं.

दिगंबर थांबला. वाकला नाही. धापही नव्हती.

"रागावू नकोस," तो म्हणाला. "बरोबरीने धावतोय असं वाटलं म्हणून तर तू टिकलास. खरं सांगितलं असतं तर आठवड्यात सोडलं असतंस."

"आणि नाडी?"

"ती मी कुठे लपवली? तूच तर मोजत होतास की!"

त्याच्या बोलण्यात खोट काढता येईना, आणि तेच जास्त लागलं. त्याने मला हरवलं असतं तर मी ते सहज पचवलं असतं. पण लहान मुलाला जिंकू द्यावं तसं त्याने मला सहा वर्षं जिंकू दिलं, आणि त्या जिंकण्याच्या बळावर मी घरात, ऑफिसात, आरशासमोर उभा राहत आलो होतो. मी मागे फिरलो.

आता मी काचीगुड्याच्या बाजूला धावतो, एकटा, माझ्या खऱ्या वेगाने. तो बराच कमी आहे. बाजारात दिगंबर भेटतो, "कसा आहेस?" विचारतो, मी "बरा" म्हणतो. माणूस जातो तेव्हा त्याच्या आठवणी तरी आपल्यापाशी राहतात. दिगंबर इथेच आहे, दोन गल्ल्या सोडून, धडधाकट, आणि निघून गेल्या आहेत त्या माझ्या सहा वर्षांच्या पहाटा.