वहीतली कोरी जागा

मंत्री उठून उभे राहिले आणि तिची पेन्सिल थांबली.

थांबली हे तिच्या लक्षात यायला थोडा वेळ गेला. सभागृहाच्या मधोमध, अध्यक्षांच्या उंच खुर्चीच्या पायाशी, प्रतिवेदकांचं बुटकं टेबल होतं. तिथे बसून बोललेला शब्द न् शब्द लघुलिपीत उतरवून घ्यायचा, हे तिचं काम. बावीस वर्षांत तिच्या वहीतून एक शब्द सांडला नव्हता. आरडाओरडा झाला, बाकं बडवली गेली, चौघे एकदम बोलले, तरी तिचा हात चालूच. एकदा छतावरचा पंखा खाली आला होता, त्याचीही तिने कंसात नोंद केली होती. आणि आज ऐन प्रश्नोत्तरांच्या तासाला ती मान वर करून मंत्र्यांच्या तोंडाकडे बघत होती आणि हात वहीवर नुसता पडून होता.

प्रश्न सरकारच्या नऊ वाचा-उपचार केंद्रांचा होता. झटका येऊन ज्यांची वाचा गेली त्यांना तिथे पुन्हा बोलायला शिकवत. खर्च परवडत नाही म्हणून ही केंद्रं बंद करणार, हे खरे आहे काय, असं विरोधी बाकावरच्या एका म्हाताऱ्या सदस्याने विचारलं होतं. मंत्र्यांनी फायलीतलं छापील उत्तर वाचलं. हे अंशतः खरे आहे. खर्चाचा आढावा घेण्यात येत असून त्यानंतर उचित निर्णय घेण्यात येईल. इथपर्यंत तिच्या वहीत सगळं होतं.

मग म्हातारा सदस्य उसळून म्हणाला होता, "उचित म्हणजे काय? अहो, ज्यांची बोलती आधीच बंद झाली आहे, त्यांनी ओरडायचं तरी कसं?"

हेही होतं. त्यावर बाकं बडवली गेली, कोणीतरी कागद भिरकावले, आणि अध्यक्षांनी नाव घेण्याआधीच मंत्री फाईल बाजूला सारून उभे राहिले. ते काहीतरी बोलले. दोन वाक्यं, फार तर तीन. तेवढी वहीत नव्हती.

टेबलावरचा छोटा दिवा लागला. पाच मिनिटांची पाळी संपली. पुढच्या पाळीचे काका नेहमीसारखे एका कुल्ल्याने खुर्चीवर सरकत आले, त्यांची पेन्सिल चालू झाली आणि ती वही छातीशी धरून बाहेर पडली.

मधल्या लांब बोळात तिने वही उघडून पुन्हा बघितली. लघुलिपी शिकवणारे मास्तर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, कानातून सरळ हातात उतरू द्यायचं, मध्ये डोक्याचं स्टेशन घ्यायचं नाही. जो ऐकत बसला तो मेला. तिने हे इतकं अंगी बाणवलं होतं की बावीस वर्षांत कोणत्या मंत्र्याने काय केलं हे तिला शेजारणी सांगत. आज मात्र ती ऐकत बसली होती, आणि ऐकलं होतं ते असं: एकही केंद्र बंद होणार नाही. हा माझा शब्द आहे.

तिच्या सासूबाई त्या नऊपैकी एका केंद्रात जात होत्या.

सासूबाई म्हणजे एके काळी आख्ख्या आळीत गाजलेली जीभ. आमटीत मीठ कमी पडलं तर "आमच्याकडे मिठाचं दुकान नाही वाटतं" आणि जास्त पडलं तर "माहेरी मिठागर होतं वाटतं." त्या जिभेखाली तिने एकोणीस वर्षं काढली. आठ महिन्यांपूर्वी झटका आला आणि मागे दोनच शब्द उरले, 'हो' आणि 'नको'. तेही एकमेकांच्या जागी पडत. चहा हवा असला तरी नको, नको असला तरी हो. नवरा फिरतीच्या नोकरीवर, घरात या दोघीच. पहिले काही आठवडे नुसता सावळागोंधळ चालला होता. मग केंद्रातल्या शिकवणाऱ्या बाईंनी एक गोष्ट दाखवून दिली. जीभ चुकते, हात चुकत नाही. हो म्हणायचं असलं की सासूबाईंचा डावा हात उघडा असतो, नाही म्हणायचं असलं की मूठ मिटते. तेव्हापासून ती तोंडाकडे लक्षच देत नव्हती, हात बघून घर चालवत होती.

आठवड्यातून दोनदा सकाळी ती त्यांना केंद्रात नेई. तिथे चित्रांचे पुठ्ठे होते. मांजर दाखवून बाई म्हणत, हा कुत्रा. मग सासूबाईंनी 'खोटं' म्हणायचं. मांजरच म्हटलं तर 'खरं'. आठ महिन्यांत दोन्ही शब्द फुटले नव्हते, पण परवा 'ख' आला होता. नुसता 'ख', घसा खाकरल्यासारखा. त्या दिवशी घरी आल्यावर ती मोरीत जाऊन रडली. ज्या जिभेने उभा जन्म जाळला तीच परत यावी म्हणून आपण देव पाण्यात घालून बसलो आहोत, याचं तिला हसूही आलं.

प्रतिवेदकांच्या खोलीत तिने आपली पाच मिनिटं टंकून काढली. शेवटच्या ओळीपाशी बोटं अडली. काका त्यांची पाळी संपवून चष्मा पुसत आले.

"काका, तुमची सुरुवात कुठून आहे?"

त्यांनी वही चाळली. "कंसात गोंधळ. मग अध्यक्ष, 'शांत व्हा, पुढचा प्रश्न.' का गं?"

"त्याच्या आधी मंत्री काय म्हणाले, तुम्ही टेबलाजवळ येत होता तेव्हा?"

"मला काय विचारतेस? मी काय ऐकतो थोडाच!" काका मनापासून हसले. मग तिचा चेहरा बघून थांबले. "तुझ्या वहीत नाही?"

तिने वहीतली कोरी जागा दाखवली. काकांनी चष्मा परत पुसला. हिला ताप तर आला नाही ना, असं त्यांच्या नजरेत होतं.

"अगं, मग ध्वनिफीत ऐक. एवढं काय!"

ध्वनिफितीवर बाकं बडवल्याचा आवाज होता. ध्वनियंत्राच्या खोलीतल्या माणसाने तो तिला तीनदा ऐकवला. अध्यक्षांनी नाव घेतल्याशिवाय कोणाचा माईक चालू करायचा नाही, हा नियम. मंत्री नावाआधीच उठले, तेव्हा त्यांचा माईक मुका. "साहेब नुसते ओठ हलवत होते बघा, आमच्या हिशेबाने," तो म्हणाला.

दुपारी उपाहारगृहात म्हातारा सदस्य एकटाच भाकरी कुस्करत बसलेला दिसला. असं कोणाला विचारायची रीत नव्हती. तरी ती गेली.

"साहेब, तुमच्या केंद्रांच्या प्रश्नावर मंत्री शेवटी उभे राहिले ना, तेव्हा काय म्हणाले?"

त्याने घास खाली ठेवला आणि विचार केला. प्रामाणिकपणे केला, हे तिला दिसलं.

"बाई, खरं सांगू? मी पुढचा उपप्रश्न कागदात शोधत होतो. मिळेपर्यंत ते बसले होते." मग जरा ओशाळून, "तुमच्या नोंदीत येईलच की. उद्या वाचतो."

ती परत खोलीत आली. सकाळी वाक्य लख्ख होतं. एकही केंद्र बंद होणार नाही. आता दुपारी चारला ते इतक्या वेळा मनात म्हणून झालं होतं की ते मंत्र्यांच्या आवाजात यायचंच बंद झालं. तिच्याच आवाजात येत होतं. मंत्री फायलीला हात लावून म्हणाले की फाईल सारून? 'माझा शब्द आहे' म्हणाले, की तसं कोणीही म्हणतं म्हणून तिने जोडून घेतलं? आणि छापील उत्तर एक देऊन लगेच उलटं कोणी मंत्री बोलतो का? बोलतोही. डोकं तापलं की बोलतो. तिला काही कळेनासं झालं.

नियम तसा सोपा होता. जे हाती लागलं नाही तिथे टिंबं द्यायची आणि कागद ज्याचं भाषण त्याच्याकडे तपासायला पाठवायचा. तिने टिंबं दिली. टिंबं तशीच छापली गेली तर काय, हेही तिला ठाऊक होतं. नोंदीत नाही ते सभागृहात बोललंच गेलं नाही. मंत्र्याने दिलेला शब्द नोंदीत असला तर मात्र त्यामागे आश्वासनांची एक समितीच लागायची आणि तो पुरा करून घेतल्याशिवाय खात्याला जेवू द्यायची नाही. नऊ केंद्रं त्या सात टिंबांवर उभी होती.

पाच वाजता मंत्र्यांचा स्वीय सहायक स्वतः कागद घेऊन आला. नीटनेटका, घाईतला माणूस.

"बाई, ही टिंबं कसली?"

"तिथलं मला मिळालं नाही. साहेबांनी भरायचं आहे."

"साहेबांना आठवत नाही."

"कोणालाच कसं आठवत नाही?" तिचा आवाज तिच्या नकळत चढला.

"अहो, त्यानंतर दोन बैठका झाल्या, एक उद्घाटन झालं. साहेब म्हणाले, त्या जुन्या बाई होत्या ना टेबलावर? त्या चुकत नाहीत. त्या लिहितील ते बरोबर." त्याने कागद तिच्यापुढे ठेवला, वर आपलं पेनही ठेवलं. "छपाई थांबली आहे. तुम्ही ऐकलं असेल ना?"

"ऐकलं," ती म्हणाली.

"मग झालं तर."

"ऐकलं म्हणूनच तर वहीत नाही."

त्याला ते कळलं नाही. त्याने घड्याळ बघितलं. काका आपल्या टेबलावरून चष्म्याच्या वरून बघत होते. बघत होते आणि मग त्यांनी मुद्दाम पाठ वळवली.

तिने पेन उचललं. लघुलिपीत नाही, साध्या अक्षरांत, शाळेतल्या मुलीसारखं सावकाश लिहिलं. एकही केंद्र बंद होणार नाही. 'हा माझा शब्द आहे' लिहायला गेली आणि थांबली. शेवटी तेही लिहिलं.

सहायकाने वाचलं. त्याची भुवई वर गेली, खाली आली. "बरोबर. साहेब असंच म्हणाले. मलाही आठवतंय आता."

तो सकाळी सभागृहात नव्हता. गॅलरीत त्याची खुर्ची रिकामी होती, हे तिने पाहिलं होतं. तिने त्याचं पेन त्याला परत दिलं.

तासाभराने सही होऊन कागद आला आणि छपाईला गेला. जिन्यात म्हातारा सदस्य भेटला. त्याला कोणीतरी सांगितलं होतं. "बघा, कसं कबूल करून घेतलं! मी तर त्यांचा चेहरा बघूनच ओळखलं होतं," तो म्हणाला आणि काठी टेकत आनंदाने खाली उतरला. आता ते वाक्य सगळ्यांना आठवत होतं. तिलाच तेवढं आठवेना.

ती घरी पोचली तेव्हा सासूबाई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर पुठ्ठे. दिवसभर सोबतीला येणारी शेजारीण उठून निघून गेली. तिने पिशवी खाली टाकली, हातपाय न धुताच समोर स्टूल ओढलं. पूर्वी यावर एक टोमणा ठरलेला असे.

"आई, केंद्र बंद होणार नाही."

सासूबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"मंत्री स्वतः म्हणाले, सभागृहात. एकही केंद्र बंद होणार नाही, हा माझा शब्द आहे, असं म्हणाले. मी तिथेच होते ना, टेबलावर. मी माझ्या कानांनी ऐकलं." ती भरभर बोलत होती. एकोणीस वर्षांपूर्वी फुटलेल्या बरणीबद्दल ती अशीच भरभर बोलली होती. मांजराने पाडली म्हणून सांगितलं होतं, आणि तेव्हाही सासूबाई अशाच, पापणी न हलवता बघत राहिल्या होत्या.

सासूबाईंचे ओठ जुळले, सुटले. घशात काहीतरी अडकलं, मानेची शीर ताठ झाली.

"ख," सासूबाई म्हणाल्या. मग परत सगळी ताकद गोळा करून म्हणाल्या, "ख... रं."

ती ताडकन उभी राहिली. आठ महिन्यांतला पहिला नवा शब्द! केंद्रातल्या बाईंना कळवायला हवं, नवऱ्याला कळवायला हवं. "आई, परत म्हणा, परत म्हणा बघू," असं म्हणत ती वाकली, आणि वाकता वाकता सवयीने तिची नजर खाली गेली.

पुठ्ठ्यांवर सासूबाईंचा डावा हात होता. मूठ घट्ट मिटलेली होती.

ती परत स्टुलावर बसली. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. सासूबाई अजून तिच्याकडेच बघत होत्या, आणि त्या बघण्यात राग नव्हता. तिने ती मूठ आपल्या दोन्ही हातांत घेतली. उघडायचा प्रयत्न केला नाही.

"उद्या केंद्राची सकाळ आहे," ती म्हणाली. "लवकर उठायचंय."

"नको," सासूबाई म्हणाल्या, आणि तिच्या हातांत ती मूठ हळूहळू उघडली.