घासून लख्ख केलेला भोपळा

मी एक जुना भोपळा आहे. हसू नका, मित्रांनो. भाजीचा नव्हे, वाळवून पोखरलेला, मुठीत मावेल एवढा. माझ्यात कडू पाला भरायचा, गरम पाणी ओतायचं, धातूच्या नळीनं ओढून प्यायचं आणि मला पुढच्याच्या हातात द्यायचं. एका जागी बसून राहणं मला जमतच नाही.

दक्षिण अमेरिकेत तीन देश एका नदीकाठी भेटतात, तिथला माझा वेल. इरासेमाच्या आईनं मला वाळवलं. त्या घरात शाळा स्पॅनिशमध्ये, बाजारहाट पोर्तुगीजमध्ये आणि आईचं रागावणं तिथल्या मूळ लोकांच्या ग्वारानीत. इरासेमा लेखिका झाली, तेव्हा तिच्या एकेका वाक्यात तिन्ही भाषा नांदायच्या. कुणी तिला डोक्यावर घेतलं, कुणी नाकं मुरडली. लिहिताना मी तिच्या डाव्या हातात असायचो.

पुढे तिची लेक दिंडोरीला वाइन बनवायच्या कामावर आली, मागोमाग आम्हीही आलो. इथे इरासेमा आईवर पुस्तक लिहू लागली. वयामुळे हे बहुधा शेवटचंच. तिकडून संपादकानं फोनवर सांगितलं, सगळं एका भाषेत करा, नाहीतर छापता येणार नाही. मग ती आईचे ग्वारानी शब्द गाळू लागली. दोन ओळी झाल्या की उठायची, खिडकीशी जायची, परत यायची. मला भरायची आणि प्यायला विसरायची.

घरकामाला पेठ तालुक्यातल्या नवसाबाई येत. फार मायाळू. त्यांच्या घरी पाहुण्यापुढे काळं भांडं ठेवणं म्हणजे लाज. एका सकाळी त्यांनी माझ्या आत डोकावलं, काथ्या आणि राख घेतली आणि मला खसाखसा घासलं.

"बाई, बघा. पार काळा पडला व्हता. लख्ख केला."

इरासेमानं मला भरलं, एक घोट घेतला आणि ती खाली बसली. घासून गेलेला तो काळा थर कितीतरी वर्षांच्या पाल्याचा होता. त्यात तिच्या आईनं भरलेला पालाही होता.

"आईची चव गेली," ती मोडक्या मराठीत म्हणाली आणि रडू लागली.

नवसाबाईंचा चेहरा उतरला. "मला काय ठावं? चांगल्यासाठीच केलं ना मी."

"हो. संपादक पण तेच म्हणतो."

इरासेमानं टेबलावरचे कागद पुढे ओढले. मग तिनं संपादकाला फोन लावला. "माझी आई तुमच्या त्या एका भाषेत रागावत नव्हती. नसेल छापायचं तर नका छापू."

संपादकाचं उत्तर अजून आलेलं नाही. ती मात्र एकेक शब्द परत जागेवर बसवते आहे. नवसाबाई समोर बसतात, कडू घोटानं तोंड वाकडं करतात आणि तरी मला पुन्हा मागून घेतात.

मित्रांनो, मला नुसतं पाण्यानं विसळा आणि उपडं ठेवा. आईची चव माझ्यातून गेली, ती काही परत यायची नाही. आता ती फक्त इरासेमाच्या पुस्तकाच्या पानांत उरली आहे. तेवढी तरी कुणी घासू नका.