चौदा नंबरचा शिक्का

माझी चूक आधी सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी ती उकरून काढायला नको. शिक्का मी खिळ्याला अडकवून गेले होते.

आमच्या हॉलमध्ये पॅराशूटच्या घड्या घालतात. आम्ही तिला छत्रीच म्हणतो. लांबच लांब टेबलं, त्यांवर पसरलेलं कापड, एका टोकाला दोऱ्यांचा जुडगा. एक जण घडी घालून छत्री पिशवीत बसवतो आणि कार्डावर आपला नंबर मारतो. मग पिशवी तपासनिसाकडे येते. तपासनीस म्हणजे मी. मी पिशवीचे पदर उचलते, आत हात घालून दोऱ्या चाचपते, कापड चिमटीत धरून बघते, आणि सगळं ठीक असेल तरच कार्डावर दुसरा शिक्का मारते. चौदा. त्यानंतर ती पिशवी जमिनीवर कुणी उघडत नाही. उघडते ती थेट आकाशात, उडी मारणाऱ्याच्या हातून.

शिक्का दोरीने गळ्यात असतो. तो दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही. "शिक्का म्हणजे आपली जीभ. जीभ कुणाला उसनी देतं का?" असं वस्ताद पहिल्याच दिवशी सांगायचे. वस्ताद म्हणजे हॉलचे प्रमुख. त्यांची तीस वर्षं याच टेबलांवर गेलेली. मला घडी त्यांनी शिकवली, तीही माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधून. कापड बोटांना कळलं पाहिजे, डोळ्यांना नव्हे, हा त्यांचा हट्ट.

मग ठमी झाली. ठमी म्हणजे आमची लेक, तेव्हा सात महिन्यांची. दुपारी अर्धा तास तिला पाजायला जायची मला परवानगी होती. घर म्हणजे छावणीतल्याच दोन खोल्या, हॉलपासून पाच मिनिटांवर. माझ्या नोकरीवर मिळालेल्या. ठमीला दात येत होते, त्यामुळे मांडीवर घेतली की दोरी ओढून शिक्का थेट तोंडात. एकदा जांभळी शाई तिच्या ओठांना, हनुवटीला, सासूबाईंच्या बाहीला लागली. सासूबाई म्हणाल्या, "झालं! पोरगी तपासून पास झाली. आता हिला कुणी नापास म्हणायचं नाही." आम्ही हसलो, पण शाई ती शाईच. पोटात जायची भीती. म्हणून जाताना मी शिक्का टेबलामागच्या खिळ्याला अडकवू लागले. हॉलमध्ये सगळी आपलीच माणसं, अर्ध्या तासाचा तर प्रश्न.

त्या आठवड्यात सरावाच्या वेळी वारा फिरला आणि अख्खी तुकडी दलदलीत उतरली. माणसं चिखलाने माखून, एकमेकांना चिडवत परत आली. छत्र्या धुऊन मनोऱ्यात टांगल्या. आमच्याकडे वाळवणीचा एक उंच मनोरा आहे. तिथे छत्र्या पूर्ण लांबीने लटकत राहतात, आणि शिवणीच्या आतलं पाणी जाईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. ओलं कापड घडीत एकमेकांना चिकटतं. चिकटलेली छत्री वेळेवर उघडत नाही. यात समजायला अवघड असं काय आहे, मला अजून कळलेलं नाही.

बुधवारी कप्तानसाहेब आले. शनिवारी नव्या भरतीच्या पोरापोरींचा शपथविधी, आणि पाहुण्यांसमोर त्यांची पहिली उडी.

"अठरा छत्र्या लागतील," ते म्हणाले.

"मनोऱ्यातल्या सोमवारशिवाय मिळायच्या नाहीत, साहेब. शिवणी ओल्या आहेत."

"पंखे लावा."

"पंख्याने वरचं वाळतं. आतलं तसंच राहतं."

"तुम्ही फार बारीक बघता हो."

"त्याचाच पगार घेते, साहेब."

शेजारच्या टेबलावरचा लंबू फिस्सकन हसला. साहेब हसले नाहीत.

गुरुवारी सकाळी मला दोरा, रबरं आणि कार्डांचे गठ्ठे आणायला मोठ्या गोदामात पाठवलं. दिवसभराचं काम. तपासनिसाला दोरा आणायला कधीपासून पाठवायला लागले, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. नाही पडला. उलट गाडीत बसून निवांत डुलकी काढली.

शुक्रवारी दुपारी ठमीला पाजून परत आले. हॉलमध्ये रंगारी शिडीवर चढून भिंतीवरचे चार शब्द पुन्हा रंगवत होता. निष्ठा. शिस्त. सचोटी. धैर्य. शिडीखाली पाटी ठेवलेली: रंग ओला आहे, हात लावू नये.

माझ्या मांडणीत अठरा पिशव्या रचून ठेवल्या होत्या. प्रत्येकीच्या कार्डावर घडी घालणाऱ्याचा नंबर, आणि खाली ताजा जांभळा चौदा. एकही पिशवी मी पाहिलेली नव्हती. एक उचलली तर नेहमीपेक्षा जड लागली. पदर उचलून आत बोट घातलं. थंडगार. बोट नाकाशी नेलं, तर दलदलीचा वास.

शिक्का खिळ्यालाच होता. फक्त दोरीची गाठ दुसऱ्या बाजूला.

"लंबू, यांच्या घड्या कधी घातल्या?"

"काल." त्याने मान वर केली नाही. "वरून हुकूम होता, ताई. आम्ही सहा जणांनी घातल्या."

"आणि शिक्का?"

"मी बघितलं नाही. आणि जे बघितलं ते मला विचारू नकोस. माझ्याही घरी दोन पोरं आहेत."

मी वस्तादांच्या खोलीत गेले. ते खुर्चीत बसून चष्म्याची काच पुसत होते. पुसलेलीच काच पुन्हा पुसत होते.

"कुणी मारला?"

"बस पोरी."

"बसायला नाही आले. कुणी मारला?"

"मी." काच पुसणं थांबलं नाही. "कप्तान तीनदा येऊन गेला. पाहुणे येणार, वरचे साहेब येणार. मला निवृत्तीला दोन महिने आहेत. अगं, थोडासा तर ओलावा. शिवाय प्रत्येकाच्या पोटाशी राखीव छत्री असतेच की."

"पहिल्या उडीला एकोणीस वर्षांचं पोर राखीव छत्रीपर्यंत कसं पोचतं ते तुम्हीच मला सांगितलंय. गोठतं, म्हणालात. मोजायचं विसरतं."

त्यांनी चष्म्याची दुसरी काच पुसायला घेतली.

तेव्हा माझी नजर त्यांच्या गळ्याकडे गेली. तपासणीचा शिक्का हॉलमध्ये दोघांकडेच असतो, माझ्याकडे आणि त्यांच्याकडे. त्यांचा तीन नंबरचा शिक्का सदऱ्यावर लोंबत होता, नेहमीसारखा.

"तुमच्याकडे स्वतःचा होता," मी म्हणाले. "तो का नाही मारलात?"

आता त्यांनी चष्मा घातला, पण माझ्याकडे बघितलं नाही. तीस वर्षांत त्या शिक्क्याला डाग नव्हता. तो डाग त्यांना नको होता. माझा चालणार होता. चिखलात पाय जाऊ नये म्हणून कुणी दुसऱ्याच्या लेकराला आडवं घालावं आणि त्याच्यावरून चालत जावं, तसं वाटलं.

"पोरी, तुझं वय लहान आहे. तू निभावून नेशील."

"काय निभावून नेईन, वस्ताद? उद्याचं प्रेत?"

तिथून मी कप्तानसाहेबांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं.

"शिक्का कुठे होता म्हणालात?"

"खिळ्याला."

"म्हणजे गळ्यात नव्हता." ते मागे रेलले. "हा गुन्हा आहे, माहीत आहे ना? तपासनिसाचं पद जातं, प्रसंगी नोकरी जाते. मी तो विसरायला तयार आहे. तान्हं मूल आहे तुम्हाला, मला समजतं. तुम्हीही जरा समजून घ्या. तुकडीची इज्जत आहे. निष्ठा नावाची काही गोष्ट असते."

"कुणाशी, साहेब?"

"हुकमाशी. तुकडीशी. आणखी कुणाशी?"

"उद्या ज्यांच्या पाठीवर त्या पिशव्या चढणार, ते तुकडीत येत नाहीत का?"

"शब्दांचे खेळ नकोत. कामाला लागा."

शब्दांचे खेळ! चार शब्द भिंतीवर रंगवून घेणारा माणूस मला हे सांगत होता. मी सलाम ठोकला. तेवढी शिस्त अंगात होतीच.

हॉलकडे परत जाताना एकच हिशेब डोक्यात होता. तक्रार लिहायची तर ती कप्तानसाहेबांच्याच टेबलावरून वर जाणार, आणि तोवर शनिवार उलटणार. नोकरी गेली तर खोल्या जाणार. नवरा शाळेत गणित शिकवतो, तेही अजून हंगामी. सासूबाईंचे गुडघे, ठमीचे दात, सगळं त्या दोन खोल्यांत. पण एक नियम माझ्या बाजूने होता. ज्या पिशवीवर आपला शिक्का, ती शंका आली तर तपासनिसाने कुणालाही न विचारता उघडायची. आणि अठराच्या अठरांवर चौदा होता. त्यांनीच मारून दिला होता.

पहिली पिशवी टेबलावर ठेवली, उघडायची मूठ धरली आणि ओढली.

कोरडी छत्री असती तर स्प्रिंगने उडून कापड टेबलभर पसरलं असतं. ही थोडीशी फुगली आणि थांबली. घडीच्या घडी, ओल्या पुठ्ठ्यासारखी. दुसरी ओढली. अर्धी आली. पाचवी तर आलीच नाही. पिशवी उघडी आणि आत गोळा, आंघोळीनंतर मुटकुळं करून बसलेल्या पोरासारखा. रंगारी ब्रश हातात धरून शिडीवर तसाच उभा राहिला. लंबूने काम थांबवलं आणि येऊन पुढची पिशवी टेबलावर चढवली.

"दोन पोरं आहेत ना तुझ्या घरी?" मी म्हणाले.

"गप्प बस आणि ओढ," तो म्हणाला.

बाराव्या पिशवीला नवी भरती दारात येऊन उभी राहिली. पिशव्या न्यायला त्यांना चारची वेळ दिली होती. कडक इस्त्री, कानामागे ताजे कापलेले केस. त्यातली एक मुलगी पुढे आली. टेबलावरचा तो गोळा तिने बोटाने दाबला. बोट ओलं झालं. तिने ते पँटला पुसलं.

"ही कुणाची होती?"

कार्डाच्या मागे उडी घेणाऱ्याचा क्रमांक असतो. मी वाचून दाखवला.

"माझा आहे," ती म्हणाली. एवढंच. मग मागे जाऊन आपल्या जागेवर रांगेत उभी राहिली. कारण कुणी "चला" म्हटलं नव्हतं, आणि तिला शिस्त शिकवलेली होती.

उरलेल्या सहा मी तिच्यासमोर उघडल्या.

शनिवारी शपथविधी झाला. आकाश असं स्वच्छ की डोळे दुखावेत. वारा नाही, ढगाचा ठिपका नाही. ध्वनिक्षेपकावरून सांगितलं, 'खराब हवामानामुळे उड्या रद्द करण्यात आल्या आहेत.' पाहुण्यांनी वर बघितलं, एकमेकांकडे बघितलं आणि टाळ्या वाजवल्या. सासूबाई कडेवरच्या ठमीला म्हणाल्या, "बघ बाई, यांच्या घरचं हवामान वेगळं दिसतंय."

मंगळवारी चौकशी बसली. कर्नलसाहेब, कप्तानसाहेब, कारकून आणि मी. शिक्का निष्काळजीपणे ठेवला का? ठेवला. गुन्हा कबूल? कबूल. शिक्का कुणी वापरला? मी वस्तादांचं नाव सांगितलं. ते दाराशी बाकावर बसले होते, त्यांना ऐकू गेलं. नंतर हॉलमधले काही जण मला म्हणाले, म्हाताऱ्या माणसाचं नाव घ्यायला नको होतं, गुरू होता तुझा. मी त्यांना विचारलं, मग त्या अठरा पोरांपैकी कुणाचं नाव मेलेल्यांत घ्यायचं होतं ते सांगा. त्यानंतर दोघांनी माझ्याशी बोलणं सोडलं. सोडू देत.

कारकुनाने टंकलेला कागद पुढे केला. माझा निष्काळजीपणा, शिक्क्याचा गैरवापर, सोहळ्यात अडथळा. तपासनीस पदावरून एक वर्ष दूर. खोल्या राहतील. खाली सहीची जागा.

"यात एक गोष्ट नाही," मी म्हणाले. "छत्र्या ओल्या होत्या."

"तो आजचा मुद्दा नाही," कप्तानसाहेब म्हणाले.

"मग आज आपण जमलोय कशाला, साहेब? खिळ्यासाठी?"

कर्नलसाहेबांनी पहिल्यांदाच मान वर केली. थकलेला चेहरा, डोळ्यांखाली काळं. "सही करा आणि मोकळ्या व्हा. शिक्षा सौम्य आहे."

"शिक्षा मान्य आहे, साहेब. चूक माझी, मी भोगेन. पण अठरा ओल्या छत्र्या, कुणाच्या हुकमाने घड्या घातल्या, ते लिहा. नाहीतर मी सही करणार नाही. उद्या कुणी हा कागद काढला तर त्याला वाटेल, एका बाईने रागाच्या भरात चांगल्या छत्र्या उधळल्या."

"आणि नाही लिहिलं तर?"

"मी इथे बसून राहीन. सही न करण्याचं कलम शोधा आणि तेही लावा."

घड्याळात साडेबारा वाजले. पंखा फिरत होता. कारकून माझ्याकडे, मग कर्नलसाहेबांकडे बघत होता. कप्तानसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं आणि काढलंच नाही. कुणी मला बाहेर जा म्हटलं नाही, मीही उठले नाही. पाठीचा कणा दुखायला लागला, तरी खुर्चीला टेकले नाही.

खूप वेळाने कर्नलसाहेबांनी कागद कारकुनाकडे सरकवला.

"किती होत्या म्हणालात?"

"अठरा."

"लिही," ते कारकुनाला म्हणाले. "अठरा. ओल्या. आणि हुकूम कुणाचा, ते कप्तान स्वतः सांगतील."

कप्तानसाहेब भिंतीकडे बघू लागले. कारकुनाची बोटं यंत्रावर तयार होती. खोलीतले आम्ही सगळे त्यांनी तोंड उघडायची वाट बघत बसलो.