भरून आलेली जखम

आमच्या अक्काच्या डाव्या नडगीवर एकोणीस वर्षांची जखम होती. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, ताईबाई. पौषात शेतात भरताची वांगी भाजताना कपाशीच्या काड्यांच्या जाळाने तिच्या लुगड्याचा काठ धरला आणि नडगी करपली. पाय वाचला, पण रुपयाएवढी जागा काही भरली नाही. खपली धरायची, तडकायची, पाणी सुटायचं. भोवतीची कातडी बारा महिने लाल आणि गरम.

औषध माझ्याकडे होतं. माझ्या माहेरी बिब्ब्याशिवाय पान हलत नाही. बिब्बा दिव्यावर धरायचा, सुईने टोचायचा आणि ते काळं तेल जखमेच्या काठावर सोडायचं. अक्का दात आवळून बसायची. आठ दिवसांत जखम सुकायची, महिन्याभरात परत ओली. मग परत बिब्बा. मी गावच्या अंगणवाडीत पोरांना डोस पाजायला नेणारी बाई, पण घरात मला कोणी शहाणपण शिकवलेलं खपत नाही. स्वभावच तसा, लपवून काय करू?

यंदा होळीनंतर जखमेच्या काठाने मांस वर येऊ लागलं.

"दख वं शेवंता," अक्का म्हणाली, "भराई ऱ्हायनी ना!"

मी तर हातच जोडले. जखम भरली तर अक्का श्रावणातल्या कानबाई देवीचा नारळ डोक्यावर घेऊन नदीवर जाईल, असा नवस मीच बोलले होते. यंदाच्या श्रावणात तो फेडायचं ठरलं. वास मात्र बदलला होता. धुताना मला पदर नाकाला लावावा लागे, आणि जरा बोट लागलं की भळाभळा रक्त. पण अक्काला फारसं दुखत नव्हतं, म्हणून आम्ही खूश होतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सणाला, अक्काची लेक दिपमाला माहेरी आली. जळगावला एका दवाखान्यात नर्स आहे. तिने पाय मांडीवर घेऊन पाहिला. परत गेल्यावर तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. अक्काला फोनवर ऐकू येत नाही, तिचे मालक कधीच गेले, माझे सुरतेला मिलमध्ये. त्यामुळे सगळे निरोप माझ्याकडेच.

"काकू, नीट ऐका. ते मांस भरलेलं नाही, वाढलेलं आहे. इतकी वर्षं ती जागा सुजलेली, धुमसत राहिलेली. शरीर रोज नव्या पेशी करून डागडुजी करत बसलं. असं न थांबता चाललं की कधीतरी एखादी पेशी बिघडते आणि मग ती वाढतच सुटते. कॅन्सर असू शकतो. तुकडा काढून तपासायला हवा. मी धुळ्याला बुधवारचा नंबर लावलाय."

"आणि बिब्बा?" मी विचारलं.

"त्याने दर वेळी नव्याने भाजतंच ना, काकू."

तिने ते हळूच म्हटलं, पण मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. अक्का दहा पावलांवर ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. उठून तिच्या कानाशी ओरडायचं, एवढंच काम.

"तुझी आई नाही म्हणते," मी फोनवर म्हणाले. "कानबाईचा नवस फिटेपर्यंत पायाला सुई लावू द्यायची नाही म्हणते."

मी तिला विचारलंच नव्हतं. तुकडा तपासला असता तर सगळ्या भाऊबंदकीत झालं असतं, शेवंताने बिब्बे लावून लावून जावेचा पाय सडवला. मला त्याची भीती वाटली, दुसरं काही नाही. दिपमालाने पुढे आणखी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मी तेच सांगितलं, दुसऱ्या वेळी तर चिडून.

श्रावणात अक्काने कानबाईचा नारळ डोक्यावर घेतला आणि लंगडत नदीवर गेली. बाया फुगड्या घालत होत्या. घरी आल्यावर तिने जांघेत हात लावून दाखवला.

"अवधान येल शे वं," ती हसून म्हणाली.

पायाला जखम झाली की जांघेत अवधान, म्हणजे गाठ येते, शेकलं की जिरते, हे खेड्यात कोणालाही ठाऊक असतं. मी मिठाची पुरचुंडी गरम करून शेकायला बसले. गाठ सुपारीएवढी होती, टणक, बोटाखाली हलत नव्हती. चार दिवस शेकून ती तसूभर कमी झाली नाही. पाचव्या दिवशी मीच दिपमालाला फोन लावला.

धुळ्याच्या डॉक्टरांनी तुकडे तपासून आणले आणि मला आणि दिपमालाला अक्काच्या खाटेपाशी उभं करून सांगितलं.

"कॅन्सर आहे. उन्हाळ्यात आणलं असतं तर जखमच काढून टाकली असती, फार तर गुडघ्याखालचा पाय गेला असता. आता तो जांघेतल्या गाठीत उतरलाय. पाय मांडीपासून काढावा लागेल, आणि तरी जिवाची हमी मी देऊ शकत नाही."

डॉक्टर गेले. दिपमाला आईच्या कानाशी वाकली आणि इतक्या जोरात बोलली की बाजूच्या खाटेवरची बाई उठून बसली.

"माय, मी तीनदाव फोन करा! तू कसाले नही म्हने?"

अक्का तिच्याकडे बघत राहिली. मग तिची नजर माझ्याकडे वळली. अक्काला ऐकायला कमी येतं, समजायला नाही. माझे ओठ उघडले होते. मी बोलणार होते, देवाशपथ बोलणार होते.

"मीच नही म्हनेल व्हतं," अक्का लेकीला म्हणाली. "माले भेव वाटे. शेवंताले काही म्हनू नको, बेटा. तिनं माले बहू समजाडं, मी आयकंच नही."

दिपमाला तिच्या छातीवर डोकं ठेवून रडू लागली. अक्का तिच्या केसांतून हात फिरवत माझ्याकडेच बघत होती. तिने मला शिव्या घातल्या असत्या तर मला सुटल्यासारखं वाटलं असतं. आता तरी खरं सांग, असं मी मनात दहा वेळा म्हटलं. मग अक्काच्या पायावरची चादर सरकली होती ती नीट केली, आणि गप्प राहिले.